‘अंगात रक्त नाही’: एका वाक्यामागचे दोन आजार

नंदुरबार, मेळघाट किंवा गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांवर फिकट पडलेल्या, लवकर दमणाऱ्या माणसाबद्दल ‘अंगात रक्त नाही’ असे सहज म्हटले जाते. त्यामागे लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असू शकतो किंवा सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार. आणि बदलते हवामान या दोन आजारांना निरनिराळ्या वाटांनी गाठते.

रक्तक्षयाची वाट ताटातून जाते. पाऊस लांबला किंवा अवेळी कोसळला की कोरडवाहू पीक हातचे जाते, रानभाज्यांचा हंगाम आखडतो, कुटुंब मजुरीसाठी गाव सोडते आणि जेवण रेशनच्या धान्यापुरते उरते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर गहू-तांदळातील लोह घटते, असेही प्रयोगांत दिसले आहे. ही झीज महिनोन्‌महिने साचते. लोहाच्या गोळ्या आणि सकस आहाराने ती बहुधा भरून निघते.

सिकलसेलचे मूळ आहारात नाहीच. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी १० ते २० दिवसांत फुटते. शरीरातले पाणी घटले की पेशीतील हिमोग्लोबिन दाटते, वाकलेल्या पेशी वाढतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत असह्य वेदना उठतात. त्यात या रुग्णांच्या मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकद आधीच कमी झालेली असते, त्यामुळे मे महिन्यात तेंदूपाने तोडायला जाणाऱ्या रुग्णाला, जवळ पुरेसे पाणी नसेल तर, उन्हातले काही तासही महागात पडू शकतात. (थंडीनेही असा झटका येतो, म्हणून सारा दोष उन्हाचा नव्हे.) एकाच पालकाकडून हे जनुक मिळालेल्या वाहकाला मात्र सहसा त्रास होत नाही, उलट गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते.

घोळ होतो तो गोळ्यांपाशी. लोहाच्या गोळ्यांनी सिकलसेल हटत नाही आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. काहींना दोन्ही आजार एकदम असतात, हे तर आणखी फसवे. नुसत्या हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून दोहोंतला फरक कळत नाही. त्यासाठी आधी सोल्युबिलिटी चाचणी (रक्त द्रावणात मिसळून सदोष हिमोग्लोबिन आहे का ते पाहणारी) आणि मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर अशा तपासणीवर आहे. माझ्या मते तिच्यात सापडलेल्या रुग्णांची यादी उन्हाळ्यापूर्वी तेंदूपत्ता फळीवर (पाने जमा करण्याच्या केंद्रावर) आणि रोजगार हमीच्या कामांवरही पोहोचायला हवी, अर्थात रुग्णांच्या संमतीने.