जलवनस्पतींचे जनुकीय अनुकूलन (पूर्व विदर्भातील तलाव)

पाण्यात किंवा पाणथळ काठावर तगण्यास उपयोगी ठरणारे जनुकभेद निसर्गनिवडीने पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहण्याची प्रक्रिया. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मामा (माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी जमीनमहसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातील) तलावांत कमळ, शिंगाडा, हायड्रिला, देवधान इ. वनस्पती आढळतात. यांपैकी बरेच तलाव गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधले, असे परंपरा सांगते. त्यांचा काळ सामान्यतः सोळावे ते अठरावे शतक धरतात. उत्क्रांतीच्या मानाने हा अवधी फारच थोडा. त्यामुळे या वनस्पतींचे पाण्यात जगण्याचे गुण तलावांहून पुष्कळ जुने मानणे सयुक्तिक होय.

देवधान म्हणजे रानटी धान. त्याच्या वर्गीकरणाविषयी मतभेद आहेत. उन्हाळ्यात आटणाऱ्या पाणथळीतील वर्षायू ओरायझा निवारा ही स्वतंत्र जाती म्हणून शर्मा व शास्त्री यांनी १९६५ मध्ये वर्णिली. बारमाही पाण्यातील बहुवर्षायू ओरायझा रुफिपोगॉनचेच ते परिस्थितीनुरूप रूप होय, असे दुसरे मत. दोहोंचा संकर होतो व मधली रूपेही मिळतात, हे पाहता दुसऱ्या मताकडे कल झुकतो; तथापि निवारा लवकर फुलते, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. पाणी आटण्यापूर्वी बी झडणे हेच तिचे अनुकूलन.

धानाचे रोप बुडाले की त्यातील एथिलीन (वाढीचे नियमन करणारे संप्रेरक) वायू बाहेर पडू शकत नाही व साचतो. हाच संकेत दोन विरुद्ध मार्गांनी वापरला जातो. स्नॉर्केल-१ व २ या जनुकांमुळे (शोध २००९) पेरी झपाट्याने लांबून शेंडा पाण्यावर येतो. ती रुफिपोगॉनच्या काही नमुन्यांतही आढळली. उलट, ओडिशातील एफआर-१३ए या वाणातील सब-१ए हे जनुक (शोध २००६) वाढ रोखून शर्करा राखून ठेवते व रोप सुमारे दोन आठवडे बुडून जगते. खोल, रेंगाळणाऱ्या पाण्यात पहिला मार्ग उपयोगी, अल्पकाळच्या पुरात दुसरा.

हायड्रिला पूर्णतः बुडालेली. भर दुपारी पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड घटला, की ती एकाच पेशीत सी-४ सारखे (कार्बन डाय-ऑक्साइड आधी एकवटून घेणारे) प्रकाशसंश्लेषण सुरू करते. तिचा प्रसार मुख्यतः तुकड्यांनी होतो, म्हणजे बीजांतून होणारी जनुकांची सरमिसळ फारशी होत नाही. तरीही फ्लोरिडात फ्लुरिडोन या तणनाशकाला दाद न देणारे तिचे प्रकार निर्माण झाले. त्यांमागे एकाच जनुकातील कायिक उत्परिवर्तने (बीजपेशींत नव्हे, तर शरीराच्या पेशींत झालेले जनुकबदल) असल्याचे २००४ मध्ये दाखविण्यात आले. तीव्र निवडीखाली थोड्या दशकांतही बदल रुजतो, याचा हा पुरावा. पाण्यात जगण्याचे गुण तलावांहून जुने, या आरंभीच्या अनुमानाला ही मर्यादा ध्यानात घ्यावी.

कमळाचा जनुकसंच (संपूर्ण जनुकीय आराखडा) २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिंगाड्याची लागवड ढिवर समाज करतो.