दोन लाइन आहेत, तरी नेट का अडतं?

लोड बॅलन्सर बसवलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"दोन-दोन कंपन्यांची बिलं भरतो, वर तुमचा लोड बॅलन्सर घेतला, मग नेट अडतंच कसं?" कुपवाड एमआयडीसीतले कारखाने, मिरजेतली हॉस्पिटलं, मार्केट यार्डातल्या पेढ्या, पतसंस्था, सगळीकडून हाच प्रश्न येतो. फोनवर दर वेळी नीट सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक. लोड बॅलन्सर म्हणजे नेटचं काम दोन लाइनवर वाटणारा आणि एक बंद पडली तर सगळं दुसरीवर नेणारा डबा. वाचून झालं की रॅकच्या दारावर आतून चिकटवा.

अशा तक्रारीला आम्ही येतो तेव्हा बॅलन्सर बहुतेक वेळा धडधाकट असतो. कोणीतरी वायर हलवलेली असते. होतं असं, की एक लाइन बसते, म्हणजे बंद पडते. नेमकी २० तारीख, जीएसटीचं रिटर्न भरायची घाई. ऑफिसातला एखादा चटपटीत मुलगा फायबर मोडेमची वायर बॅलन्सरमधून काढतो आणि थेट स्विचमध्ये, म्हणजे ऑफिसातली सगळी मशीन एकमेकांना जोडणाऱ्या डब्यात, घालतो. त्याच्या टेबलावर नेट सुरू होतं, साहेब खूश होतात आणि ती वायर तिथेच राहते.

खरा त्रास दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो. बॅलन्सर जसा प्रत्येक कॉम्प्युटरला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कातला ओळख-नंबर, देतो, तसा कंपनीचा मोडेमही देतो. आता एकाच नेटवर्कात पत्ते वाटणारे दोन झाले. मशीन चालू झालं की ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता ते घेऊन बसतं. आम्ही बसवलेल्या नेटवर्कात पत्ता १०.२० ने सुरू होतो. मोडेमने दिलेला बहुधा १९२.१६८.१ ने सुरू होतो. असा पत्ता मिळालेल्या मशीनवर यूट्यूब झकास चालतं, पण टॅलीचा सर्व्हर सापडत नाही, प्रिंटर नाही, हजेरीचं मशीन नाही. शेजारच्या टेबलावर मात्र सगळं व्यवस्थित. मग आम्हाला फोन येतो, "टॅली बिघडलं." टॅलीवाला येऊन बघून जातो, प्रिंटरवाला येऊन जातो, आणि संध्याकाळी आमचा नंबर लागतो.

बरं, वायर काढली की लगेच सुटका होते असंही नाही. मोडेमने दिलेला पत्ता मशीन मुदत संपेपर्यंत धरून ठेवतं, आणि ती मुदत बऱ्याच मोडेमवर २४ तासांची असते. आधी निदान नेट तरी होतं, आता तेही जातं. अशा मशीनला रीस्टार्ट करा, सहसा तेवढ्याने भागतं. शिवाय ती वायर स्विचमध्ये असेपर्यंत त्या मशीनचं सगळं येणं-जाणं फायरवॉलला, म्हणजे बाहेरचा धोका अडवणाऱ्या पहाऱ्याला, वळसा घालून होत असतं, हे पतसंस्थांनी आणि हॉस्पिटलांनी विशेष ध्यानात घ्यावं.

मग लाइन बसली तर करायचं काय? बाहेरून येणाऱ्या लाइनच्या वायरी आम्ही लाल वापरतो, आतल्या निळ्या. बसलेल्या लाइनची लाल वायर बॅलन्सरच्या बाजूने काढा आणि लोंबकळत सोडा. दुसऱ्या कुठल्याही भोकात घालू नका. बॅलन्सर सगळं काम दुसऱ्या लाइनवर नेतो. निळ्या वायरीला हात लावू नका. मोडेमवर एलओएसचा दिवा लाल असेल तर फायबर तुटलेला किंवा निखळलेला आहे. मोडेम दहा वेळा बंद-चालू करून तो जोडला जाणार नाही, कंपनीकडे तक्रार नोंदवा. दिव्यांचा एक फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर टाका, आमचा अर्धा तास वाचतो.

"वायर आम्हीच काढायची, मग बॅलन्सर कशाला?" बरोबर आहे, एरवी हे काम तो स्वतः करतो. पण लाइन मेली हे त्याला कळायला हवं. दुसऱ्यांनी बसवलेल्या काही बॅलन्सरवर ही तपासणी नुसती मोडेमला पिंग करून, म्हणजे "आहेस का?" असं विचारून होते. मोडेम तर इथेच टेबलाखाली आहे. फायबर शंभर फुटी रोडवर तुटला तरी तो उत्तर देतच राहतो, आणि बॅलन्सर निम्मं काम मेलेल्या लाइनवर ढकलत राहतो. एक पान उघडतं, दुसरं फिरत राहतं, ते यामुळे. आम्ही प्रत्येक लाइनवरून बाहेरच्या दोन पत्त्यांना, ८.८.८.८ आणि १.१.१.१ ला विचारतो. दोन्हीकडून सलग काही वेळा उत्तर आलं नाही तरच ती लाइन बाद. यात १५-२० सेकंद जातात आणि चालू व्हिडिओ कॉल तुटतो, तो पुन्हा लावावा लागतो. ही वेळ आणखी कमी करा असा आग्रह होतो. करता येते, पण मग लाइन जरा अडखळली तरी बॅलन्सर इकडून तिकडे उड्या मारत बसतो.

१०० आणि १०० एमबीपीएसच्या दोन लाइन असल्या तरी एक मोठी फाइल २०० ने उतरत नाही, कारण एक कनेक्शन एकाच लाइनवरून जातं. वीस जण एकदम काम करतात तेव्हा दोन्ही लाइनचा फायदा दिसतो. बँकेची साइट मधेच लॉगआउट करते, कारण तुम्ही एकदा या लाइनच्या पत्त्यावरून दिसता, एकदा त्या. आम्ही बँका आणि जीएसटी पोर्टल एका लाइनला बांधून देतो, ती लाइन बसली तरच दुसरीवर जातात. नवीन बँकेत खातं उघडलंत तर तेवढं कळवा.

दुसरी लाइन दुसऱ्या कंपनीची घ्या एवढंच पुरत नाही, दोन्ही केबल एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत नाहीत ना तेही बघा. खांब पडला किंवा रस्ता खोदला की दोन्ही एकदम जातात. ज्यांना पर्याय नाही त्यांना आम्ही सिमकार्डवरची तिसरी लाइन सुचवतो. आणि सांगलीच्या गावभागातल्या मंडळींनी रॅक वरच्या मजल्यावरच ठेवावा, २०१९ चा महापूर कोणी विसरलेलं नाही.

आम्ही मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याचं सेटिंग करता येतं असा स्विच, घ्या म्हणतो तेव्हा काहींना वाटतं, यांना विकायचाच आहे. विकायचा आहेच. पण त्यात डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय असते. ती लावली की मोडेमची वायर कोणी स्विचमध्ये घातली तरी त्याने वाटलेला पत्ता मशीनपर्यंत पोचत नाही. वायर हलवल्यामुळे झालेली फेरी वार्षिक करारात बसत नाही, तिचं वेगळं बिल होतं. अशा तीन-चार फेऱ्यांचा हिशोब करा आणि मग स्विचची किंमत विचारा.

बॅलन्सरचा पासवर्ड आम्ही दडवून ठेवतो अशीही कुरबूर कानावर येते. तो बंद पाकिटात मालकांकडे दिलेला असतो. पाकीट फोडायला हरकत नाही, फक्त काय बदललंत ते आम्हाला सांगा.

मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात आम्ही कोणाच्याही बॅलन्सरच्या सेटिंगला हात लावत नाही. नवी शाखा, नवी लाइन किंवा स्विच बदलायचा असेल तर फेब्रुवारीतच कळवा, रविवारी येऊन करून देऊ.