अस्थिमज्जेतील विखुरलेल्या कर्कपेशींचा शोध (स्तनाचा कर्करोग)

स्तनातील गाठ काढली, हाडांचा स्कॅन स्वच्छ आला, तरी काही रुग्णांत पाच-दहा वर्षांनी रोग हाडात किंवा यकृतात डोके वर काढतो. गाठीतून सुटलेल्या काही पेशी शस्त्रक्रियेपूर्वीच रक्तावाटे दूर जाऊन बसलेल्या असतात. अशा पेशी अस्थिमज्जेत हुडकण्याची ही तपासणी. मज्जा कंबरेच्या हाडातून सुईने काढता येते, आणि हा कर्करोग हाडांकडे वळतोही फार. इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 रुग्णांच्या नोंदी चाळून ‘बी आणि जमीन’ ही कल्पना मांडली: बी वाऱ्यावर कुठेही जाते, रुजते मात्र मानवणाऱ्या जमिनीतच.

तपासणीची सारी भिस्त केरॅटिन या प्रथिनावर आहे. स्तनातील अस्तरपेशींत ते असते, मज्जेतील रक्तपेशींत सहसा नसते. मज्जा उपसण्याआधी कातडीला बारीकशी चीर देतात, कारण कातडीतही केरॅटिन असते. तिची एखादी पेशी सुईबरोबर आत गेली तर तीच कर्कपेशी म्हणून मोजली जायची. मग घनतेनुसार पेशी वेगळ्या करून काचपट्टीवर पसरतात, केरॅटिनला चिकटणारे प्रतिपिंड सोडतात आणि रंग चढवतात. साधारण वीस लाख पेशींत एक-दोन लालभडक दिसल्या तरी निकाल ‘सापडल्या’ असा. पण मज्जेतल्याच काही प्लाझ्मा पेशीही (प्रतिपिंडे बनवणाऱ्या रक्तपेशी) फसवा लाल रंग धरतात. म्हणून केंद्रक केवढे, पेशीची ठेवण कशी, हे अनुभवी डोळ्यांनीच पारखावे लागते. नुसत्या रंगावर विसंबणे धोक्याचे.

2005 मध्ये नऊ अभ्यासांतील 4,703 रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा 30.6 टक्के जणींच्या मज्जेत अशा पेशी आढळल्या आणि त्यांच्यात रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. याउलट 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात हा आकडा जेमतेम 3 टक्के निघाला. त्यातील स्त्रियांच्या गाठी लहान होत्या आणि काखेत गाठी हाताला लागत नव्हत्या, हे खरे. तरी दसपट फरकाला एवढे कारण पुरत नाही. प्रयोगशाळेगणिक पद्धत बदलते, ही या तपासणीची जुनी दुखरी बाजू आहे.

पेशी सापडली म्हणजे रोग उलटणारच, असेही नाही. बऱ्याच पेशी विभाजन न करता वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. केमोथेरपी प्रामुख्याने विभाजन पावणाऱ्या पेशींवर चालते, त्यामुळे या तिच्या तडाख्यातून निसटू शकतात. कर्करोगाच्या टप्प्यांच्या अमेरिकी वर्गीकरणात 2010 पासून अशा पेशींना वेगळी खूण मिळाली. टप्पा मात्र त्यामुळे बदलत नाही.

मज्जेत पेशी सापडलेल्या 302 रुग्णांवर जर्मनीत क्लोड्रोनेट या हाडे राखणाऱ्या औषधाची चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांत रोग कमी पसरल्याचे 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या चाचण्यांचे निकाल मात्र एकमेकांशी जुळेनात. 2015 मध्ये त्या एकत्र तपासल्या, तेव्हा या गटातील औषधांचा स्पष्ट फायदा पाळी थांबलेल्या स्त्रियांनाच होतो असे दिसले. त्यामुळे आज ही औषधे देताना डॉक्टर पाळी थांबली आहे का आणि रोग उलटण्याचा धोका किती, हे विचारात घेतात. त्यासाठी मज्जा काढत नाहीत.