दात आंबणे आणि इनॅमलची झीज
कैरी, चिंच, आवळा असलं काही जरा जास्त खाल्लं की दात खरखरीत लागतात आणि साधी पोळी चावतानाही शिवशिवतात, याला आपल्याकडे दात आंबणे म्हणतात. एक-दोन दिवसात बरं वाटतं म्हणून कोणी मनावर घेत नाही, पण हेच वर्षानुवर्षं रोज चालू राहिलं तर दातावरचं इनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा कडक थर, कायमचं झिजतं.

इनॅमल म्हणजे आपल्या शरीरातली सगळ्यात कडक वस्तू, वजनाने जवळपास ९६ टक्के खनिजच, पण त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे मोडलेलं हाड सांधतं तसं गेलेलं इनॅमल परत येत नाही. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५, कोलाही अडीचच्या आसपासच, फक्त तो गोड लागतो म्हणून कळत नाही, आणि शुगर-फ्री घेतला तरी ॲसिड असतंच. दात किडतात तेव्हा जंतू साखरेपासून ॲसिड बनवतात, इथे जंतूंची गरजच नाही. गंमत म्हणजे दही एवढं आंबट असून दाताला फारसं काही करत नाही, कारण त्यात कॅल्शियम-फॉस्फेट आधीच भरपूर असतं.

किती प्यायलं यापेक्षा दात किती वेळ आंबटात राहिले हे जास्त महत्त्वाचं. पन्हं जेवताना ग्लासभर पिऊन टाकलं तर लाळ नंतर सावरून घेते, पण बाटली टेबलावर ठेवून दुपारभर घोट घोट चालू असेल तर तिला संधीच मिळत नाही. रात्री तर लाळ आणखी कमी सुटते. सकाळी लिंबूपाणी पिऊन लगेच ब्रश करणं हा सगळ्यात कॉमन घोळ, तेव्हा इनॅमल मऊ झालेलं असतं आणि ब्रशने ते घासलं जातं. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, ब्रश अर्धा-एक तासाने, तोही मऊ आणि फ्लोराइडवाल्या पेस्टने. मशेरी, कोळशाची पूड वगैरे तर नकोच.

रोज सकाळी घशात बोटं घालून पित्त पाडणाऱ्यांचं वेगळंच. पोटातलं ॲसिड लिंबापेक्षाही कडक, आणि झीज होते वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जी आरशात दिसतच नाही.