चौसष्ट बाइटांची दुसरी गाडी

माझ्या आतेभावाचं करसल्ल्याचं ऑफिस बडोद्याच्या डांडिया बाजारात आहे आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याची एक छोटी शाखा. सर्व्हर डांडिया बाजारात. मकरपुऱ्याला हिशेब बघणाऱ्या बेन तिथूनच सर्व्हरवरचा शेअर केलेला फोल्डर उघडून काम करतात. दोन्हीकडे एकेक फायरवॉल, म्हणजे जाळ्याच्या दारावरचा पहारेकरी, आणि त्या दोघींच्या मधे इंटरनेटवरून काढलेला व्हीपीएनचा बोगदा. जुलैत, रिटर्नांची गर्दी ऐन भरात असताना, त्याचा फोन आला. "दादा, मोठ्या फायली ढिम्म हलत नाहीत. बेन पेनड्राइव्ह घेऊन रिक्षाने इकडे येतायत."

शनिवारी गेलो तोवर नेहमीचे उपाय करून झाले होते. नेटवाले दोनदा येऊन स्पीड टेस्टचा पळता काटा दाखवून गेले होते. केबल बदलली होती, अँटिव्हायरस बंद करून बघितला होता, आणि कुणाच्या तरी सल्ल्यावरून एक नवा स्विचही घेतला होता, जो अजून खोक्यातच होता. स्पीड टेस्ट खोटी नव्हती. फक्त ती बोगद्यातून जातच नव्हती, त्यामुळे बोगद्याबद्दल तिचं मत विचारण्यात अर्थ नव्हता.

तक्रार नीट ऐकली तर त्यातच निम्मं निदान होतं. फोल्डर पटकन उघडतो, फायलींची यादी दिसते, एकपानी नोटीस लगेच येते. पण चाळीस एमबीचं स्कॅन केलेलं बाड ओढलं की हिरवी पट्टी जरा सरकते, थांबते, पुन्हा दोन बोटं सरकते. छोटं धावतं आणि मोठं रखडतं. नेटवर्कचं काम करणाऱ्या माणसाला अशा वेळी एकच आकडा आठवतो : १५००.

फाइल जाळ्यातून अखंड जात नाही, तिची पॅकेटं होतात. एका पॅकेटात जास्तीत जास्त किती भरायचं ती मर्यादा म्हणजे एमटीयू, आणि इथरनेटवर ती १५०० बाइट आहे. डेक, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० साली इथरनेटचं जे मानक काढलं त्यातला हा आकडा अजून टिकून आहे. या १५००पैकी पत्ता लिहायला आयपी २० बाइट घेतो, आणि काय पोचलं काय नाही याच्या हिशेबाला टीसीपी आणखी २० घेतो. मालाला उरतात १४६०. चाळीस एमबीच्या फाइलची अशी अठ्ठावीस हजार सातशेच्या वर पॅकेटं होतात.

पुढची गोष्ट बडोदेकराला समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे डभोई आहे. खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६२ साली डभोई ते मियागाम अशी अडीच फूट रुंदीच्या रुळांची गाडी सुरू केली. सुरुवातीला ती बैल ओढत असत. मियागामला मुंबईकडे जाणारी मोठ्या रुळांची लाइन. मोठ्या लाइनचा डबा काही केल्या छोट्या रुळांवर चढणार नाही. म्हणजे माल उतरवा, छोट्या डब्यांत भरा, हमाली द्या, आणि एखादं पोतं मागे राहिलं तर पेढीवरची ओरड ऐका.

इंटरनेटही अशाच कमीजास्त रुंदीच्या रुळांवर वाढलं. सप्टेंबर १९८१मध्ये आयपीचा जो मसुदा निघाला त्यात याची सोय होती : पुढचा रस्ता अरुंद असेल तर वाटेतला राउटर पॅकेटाचे तुकडे करू शकतो. प्रत्येक तुकड्यावर एकच ओळखक्रमांक आणि हा तुकडा मूळ मालात कुठे बसतो ती जागा. जोडणी मात्र मुक्कामीच व्हायची. आणि एक तुकडा जरी हरवला तरी बाकीचे टाकून द्यायचे, अख्खं पॅकेट नव्याने मागवायचं. पोतं मागे राहिलं म्हणून सगळी वाघीण परत भरून आणण्यातला हा प्रकार.

आता बोगदा. व्हीपीएन म्हणजे लिफाफ्यात लिफाफा. आतलं १५०० बाइटांचं पॅकेट पत्त्यासकट कुलूपबंद होतं आणि बाहेरून नवा लिफाफा चढतो. आतेभावाच्या फायरवॉलवर एईएस-सीबीसी हे कुलूप आणि माल वाटेत बदलला नाही ना ते तपासायला एसएचए-२५६ ही मोहोर अशी जोडी लावलेली होती. चहाच्या बिलामागे मी त्याला हिशेब मांडून दाखवला : बाहेरचा पत्ता २०, बोगद्याचा क्रमांक ८, कुलपाच्या सुरुवातीचे १६, आकडा बरोबर भागला जावा म्हणून घातलेली भर आणि तिची नोंद मिळून ४, शेवटी मोहोर १६. झाले चौसष्ट. १५०० अधिक ६४ म्हणजे १५६४, आणि बाहेरची लाइन १५००चीच.

फायरवॉल मग दोन गाड्या करते. पहिली १५००ची गच्च भरलेली. दुसरीत उरलेले ६४ बाइट आणि त्यांच्या डोक्यावर पुन्हा २० बाइटांचा पत्ता. प्रत्येक भरलेल्या पॅकेटामागे ही एक रिकामी-रिकामीशी दुसरी गाडी. चाळीस एमबीसाठी अठ्ठावीस हजारांच्या जागी सत्तावन्न हजार.

"पण वजन तर चौऱ्याऐंशीनेच वाढलं ना," आतेभाऊ म्हणाला. कर सल्लागार तो, टक्केवारी त्याने लगेच काढली होती. त्याचं बरोबर होतं, फक्त इथे वजनापेक्षा फेऱ्या महाग पडतात. पलीकडच्या फायरवॉलला पहिला तुकडा हातात धरून दुसऱ्याची वाट बघावी लागते, कारण पूर्ण लिफाफा आल्याशिवाय मोहोर तपासता येत नाही आणि मोहोर न तपासता कुलूप उघडायचं नाही. शिवाय अशा बऱ्याच फायरवॉलांत कुलूप उघडण्याची वेगवान चिप फक्त अखंड पॅकेटं घेते. तुकडे आले की काम साध्या प्रोसेसरकडे जातं. तो दमला की तुकडे गळतात. गळलेलं पॅकेट दिसलं की टीसीपी समजतो, रस्त्यात कोंडी आहे, आणि सभ्यपणे स्वतःचा वेग उतरवतो. कोंडी नसतेच. पट्टी दोन बोटं सरकून थांबायची ती यामुळे.

फायरवॉल तुकड्यांकडे संशयाने बघते त्याला इतिहासही आहे. तुकडे जोडून ६५,५३५ बाइटांची कमाल मर्यादा ओलांडणारं पॅकेट तयार करायचं आणि समोरचं मशीन पाडायचं, ही पिंग ऑफ डेथ नावाची युक्ती १९९६च्या सुमारास गाजली. पुढच्याच वर्षी टीअरड्रॉप आलं, त्यात तुकडे मुद्दाम एकमेकांवर चढवलेले असत. शिवाय पोर्ट क्रमांक, म्हणजे माल कोणत्या प्रोग्रॅमसाठी आहे ते सांगणारा आकडा, फक्त पहिल्या तुकड्यावर असतो, मागचे बिनओळखीचे. पहारेकरी त्यांना अडवून ठेवणारच.

निदान पक्कं करायला एक ठरलेली चाचणी असते. पिंग म्हणजे पलीकडचं मशीन उत्तर देतं का ते बघायला मारलेली हाक. तिला सांगायचं की १४७२ बाइट भरून पाठव आणि वर 'तुकडे करू नका' अशी चिठ्ठी लाव. पिंगचे स्वतःचे ८ आणि आयपीचे २० धरून बरोबर १५०० होतात. सेव-उसळ खाऊन मी मकरपुऱ्याला गेलो, माझा लॅपटॉप तिथल्या नेटवर्कला लावला, चाचणी दिली, आणि १४७२ आरामात पार झालं. बेन माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मग लक्षात आलं. चिठ्ठी आतल्या लिफाफ्यावर होती. फायरवॉलने तो कुलपात घातला आणि बाहेरच्या लिफाफ्यावर ती मनाई उतरवलीच नाही. त्यामुळे बाहेरच्याचे बिनदिक्कत दोन तुकडे झाले, पलीकडे जोडले गेले, आणि आतल्या पॅकेटाला याचा पत्ताही लागला नाही. फायरवॉलच्या आकडेवारीच्या पानावर तुकड्यांचा रकाना होता. फाइल ओढायला लावली आणि तो रिक्षाच्या मीटरसारखा पळू लागला.

ती मनाई बाहेरच्या लिफाफ्यावर उतरली असती तर? तर नियमाप्रमाणे अडवणाऱ्याने पाठवणाऱ्याला उलट निरोप द्यायचा असतो : मोठं आहे, अमुक मापाचं पाठव. जेफ्री मोगल आणि स्टीव्ह डीअरिंग यांनी नोव्हेंबर १९९०मध्ये ही पद्धत लिहून काढली. हा निरोप पिंगच्याच आयसीएमपी कुटुंबातला, आणि पिंगच्या धास्तीने काही लोक फायरवॉलवर ते सगळं कुटुंबच बंद करून टाकतात. पोरं बेल वाजवून पळतात म्हणून दाराची बेलच काढून टाकावी, तसं. निरोप पोचत नाही, पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि फाइल हळू न येता येतच नाही. यापेक्षा मला आतेभावाचा आजार बरा वाटतो, निदान रोगी हालचाल करतो. आयपीच्या नव्या आवृत्तीने, आयपीव्ही६ने, राउटरकडून तुकडे करण्याचा अधिकारच काढून घेतला आहे, त्यामुळे तिथे हा निरोप बंद करणं आणखी महागात पडतं.

लॅपटॉपचा एमटीयू एका आज्ञेने १४०० केला, शेअर नव्याने जोडला, तेच बाड ओढलं. पट्टी न अडखळता शेवटपर्यंत गेली.

पण प्रत्येक मशीनवर असा आकडा बदलत कोण बसणार? त्यासाठी फायरवॉलमध्येच सोय असते. टीसीपीची दोन टोकं एकमेकांशी बोलू लागतात तेव्हा पहिल्याच नमस्कारात आपापल्या घासाचं माप सांगतात : मला १४६०पर्यंत पाठव. फायरवॉल मधल्या मधे तो आकडा खोडून छोटा लिहिते. याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. दुसऱ्याच्या पत्रात खाडाखोड करण्याचा हा उद्योग मला फारसा शोभिवंत वाटत नाही, पण चालतो. या कुलपाच्या हिशेबाने १४३८ बाइटांचं पॅकेट बोगद्यात तंतोतंत बसतं. काही ब्रॉडबँड लाइनी पीपीपीओई नावाच्या जोडणीच्या पद्धतीपायी आणखी ८ बाइट खातात, म्हणून मी हात राखून १३६० लिहिलं. १३६० आणि ४० म्हणजे १४००, बोगद्यातून बाहेर पडताना १४६८. एकच गाडी. ही युक्ती फक्त टीसीपीला लागू पडते, पण फोल्डर शेअर करणारा एसएमबी टीसीपीवरच चालत असल्याने इथे तेवढं पुरेसं होतं.

दोन्ही फायरवॉलवर आकडा टाकला आणि बेनना म्हटलं, आता उघडा. पट्टी सरकली, थांबली, दोन बोटं सरकली. "एवुं ज छे," बेन म्हणाल्या. तसंच आहे.

तो नमस्कार जोडणी होतानाच होतो, मधेच नाही. त्यांचा ड्राइव्ह सकाळी नऊपासून जोडलेला होता आणि अजून १४६०च्याच बोलीवर चालला होता. मी स्वतः तासाभरापूर्वी लॅपटॉपवर शेअर नव्याने जोडला होता, तरी हे सांगायचं विसरलो. ड्राइव्ह तोडला, परत जोडला, बाड उघडलं. बेननी पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि माझ्या हातात ठेवला. तो माझाच होता, गेल्या दिवाळीत आतेभाऊ मागून घेऊन गेलेला.