श्वासमार्ग अडून आलेली बेशुद्धी : प्रथमोपचार

घास, सुपारी, शेंगदाणा, नाणे असे काही श्वासमार्गात अडकून माणूस बेशुद्ध पडल्यावर करायची तातडीची मदत. शुद्धीवर असताना पाठीत थापा मारतात व पोटावर झटके देतात (ही दुसरी पद्धत अमेरिकी शल्यचिकित्सक हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये मांडली). शुद्ध हरपली की ते सोडून सीपीआर, म्हणजे छातीदाब व तोंडाने श्वास देणे, सुरू करतात. छाती दाबली की फुप्फुसातली हवा अडकलेल्या वस्तूला खालून ढकलते, शिवाय मेंदूकडे रक्त जात राहते. नाडी शोधत बसू नये.

रुग्णाला जमिनीवर उताणे निजवावे. पलंगावर दिलेला जोर गादीतच जिरतो. कोणाला तरी १०८ किंवा ११२ वर फोन करायला सांगावे, एकटे असल्यास मोबाइल स्पीकरवर टाकून हात मोकळे ठेवावेत. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब द्यावेत. प्रौढांत छाती ५ ते ६ सेंमी खाली जायला हवी. मुलांत छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, साधारण ५ सेंमी. त्यांना एक हातही पुरतो. वर्षाच्या आतील बाळाची छाती दोन्ही हातांनी वेढून अंगठ्यांनी ४ सेंमी दाबावी. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी.

मग तोंड उघडून पाहावे. वस्तू दिसली तरच काढावी. न दिसता बोट घालून चाचपडले की ती आणखी खोल जाते. घाबरलेल्या घरच्यांकडून हीच चूक जास्त होते. यानंतर डोके मागे कलवून, हनुवटी उचलून (बाळाचे डोके सरळच ठेवून) एकेक सेकंदाचे दोन श्वास द्यावेत. पहिल्याने छाती उचलली नाही तर डोके नीट करून दुसरा द्यावा. तोही गेला नाही तर लगेच पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत किंवा श्वास सुरू होईपर्यंत हे चक्र चालू ठेवावे. पाणी पाजू नये, ते थेट फुप्फुसात उतरू शकते.

श्वास सुरू झाल्यावर कुशीवर वळवावे. माणूस बरा दिसला तरी रुग्णालयात न्यावेच: दाबाने बरगडी मोडलेली असू शकते, आणि लहान मुलांत शेंगदाण्याचा तुकडा श्वासनलिकेच्या शाखेत राहून पुढे कित्येक दिवस खोकला व न्यूमोनिया होतो.