एक गोळी बंद, दुसरी चालू

मामांच्या गोळ्यांचा डबा हा आमच्याकडे थट्टेचा विषय. सात वार, सकाळ-दुपार-रात्र, एकूण एकवीस कप्पे. वरच्या चिठ्ठ्या मामींच्या अक्षरात. मामांना एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत 'एएफ', आहे. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडी बेताल होते. अ‍ॅब्लेशनची, म्हणजे हृदयात तार घालून ठोके बिघडवणाऱ्या जागा बंदिस्त करण्याची, तारीख ठरली तेव्हा कागदावर दोन सूचना होत्या : ठोक्यांची गोळी पाच दिवस आधी बंद करा, रक्त पातळ करायची गोळी चालूच ठेवा.

मामांनी नेमकं उलटं केलं. "ठोक्यांची गोळी हृदयाची आहे, ती कशी सोडायची?" म्हणून ती घेत राहिले. आणि पूर्वी दाढ काढताना रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवली होती, म्हणून या वेळी कुणाला न विचारता तीच बंद केली. ठरल्या दिवशी घशातून नळी घालून सोनोग्राफी केली, तर वरच्या डाव्या कप्प्याला जी पिशवीसारखी खाच असते तिच्यात रक्त धुरासारखं घोळताना दिसलं. डॉक्टर त्याला 'स्मोक'च म्हणतात. रक्त तिथे रेंगाळतंय, गुठळीची तयारी चालू आहे, असा त्याचा अर्थ. तारीख तीन आठवडे पुढे गेली.

मामांचं चुकलं, पण त्यांचा तर्क वेडगळ नव्हता. चिरफाड म्हटली की रक्तस्राव, म्हणून रक्त पातळ करायची गोळी बंद, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. इथे ते लागू का पडत नाही?

आधी ठोक्यांची गोळी. 1998 साली फ्रान्समधल्या बोर्दो इथे मिशेल आइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 45 रुग्णांच्या हृदयात तारा घालून एएफची ठिणगी कुठून पडते ते शोधलं. 69 ठिकाणं सापडली, त्यातली 65 फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या आत होती. आजचं अ‍ॅब्लेशन त्यावरच उभं आहे. जांघेतल्या शिरेतून तार वर नेतात, हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डाव्या बाजूला जातात आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने, थंडीने किंवा विजेच्या झटक्यांनी व्रणाचं रिंगण आखतात. ठिणगी रिंगणाबाहेर येऊ शकत नाही.

फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन, सोटॅलॉल ही औषधं हीच ठिणगी दाबून ठेवतात. कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे ही तार घालतात त्या खोलीत, मात्र डॉक्टरांना ती दिसायला हवी असते. ठिणगी उमटावी म्हणून कधी कधी मुद्दाम हृदय चेतवणारं औषधही देतात. ताप मोजायच्या आधी पॅरासिटामॉल घेऊन बसलं तर काय मोजणार? पहिल्याच खेपेला फक्त शिरांभोवती रिंगण आखायचं असेल तर ठिणगी शोधायची फारशी गरज नसते. म्हणून काही ठिकाणी गोळी चालू ठेवतात. शेजारच्यांच्या कागदावर वेगळं लिहिलंय म्हणून आपला कागद चुकीचा ठरत नाही.

किती दिवस आधी बंद करायची, हे औषधाच्या अर्धायुष्यावर ठरतं. एका अर्धायुष्यात औषध निम्मं उरतं, पाच अर्धायुष्यांत बत्तिसावा हिस्सा. फ्लेकेनाइडचं अर्धायुष्य साधारण 20 तासांचं, म्हणजे चार-पाच दिवस पुरतात. सोटॅलॉलचं 12 तासांच्या आसपास, तिथे अडीच-तीन दिवसांत काम होतं.

या हिशेबाला अमिओडारोन हे ठोक्यांचंच औषध जुमानत नाही. ते चरबीत मुरून बसतं. दीर्घ काळ घेतलं तर त्याचं अर्धायुष्य सरासरी 58 दिवसांचं, कुणाचं पंधरवड्याचं तर कुणाचं चार महिन्यांहून जास्त. पाचाने गुणलं तर साडेनऊ महिने होतात! एवढं कोण थांबणार? म्हणून ते काही आठवडे आधी थांबवतात, किंवा अंगात आहे असं धरूनच पुढे जातात. 1961 साली बेल्जियममध्ये हे छातीच्या दुखण्यासाठी तयार झालं. ठोक्यांवरचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. त्याच्या वजनाचा 37 टक्के भाग आयोडीनचा, त्यामुळे थायरॉइड तपासत राहावं लागतं. जास्त काम करणारा थायरॉइड स्वतःच एएफ चेतवू शकतो, ही त्यातली गंमत. शिवाय अमिओडारोनमुळे वॉरफॅरिनचा, म्हणजे रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीचा, जोर वाढतो. अमिओडारोन बंद केलं की जोर ओसरतो, पण सावकाश, कित्येक आठवड्यांत. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, पुन्हा पुन्हा पाहावा लागतो, तो याचसाठी.

ठोक्यांचा वेग आवरणारी बीटा ब्लॉकर गोळी एकदम सोडली तर ठोके उसळतात. फ्लेकेनाइड चालू ठेवून जोडीचा बीटा ब्लॉकर तेवढा सोडणं तर त्याहून वाईट. फ्लेकेनाइडने वरच्या कप्प्यांचा वेग थोडा मंदावतो आणि मग प्रत्येक ठोका खालच्या कप्प्यांपर्यंत पोचू शकतो. जोडीची गोळी हाच दरवाजा राखत असते. तेव्हा काय आधी आणि काय नंतर सोडायचं, हे डॉक्टरांनीच सांगायचं.

आता रक्त पातळ करायची गोळी. हृदयाच्या डाव्या बाजूला परकी तार आहे, आतल्या अस्तरावर ताजे व्रण होताहेत, रक्ताला गोठायला याहून चांगली जागा कुठली? आणि तिथली गुठळी सुटली की सरळ मेंदूकडे जाऊ शकते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या कम्पेअर नावाच्या चाचणीत 1,584 रुग्ण होते. निम्म्यांचं वॉरफॅरिन थांबवून रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं दिली, निम्म्यांचं चालू ठेवलं. थांबवलेल्यांत 39 जणांना पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका आला, चालू ठेवलेल्यांत 2 जणांना. किरकोळ रक्तस्रावही थांबवलेल्यांतच जास्त झाला.

आता वॉरफॅरिन किंवा त्याच जातीचं असेनोकुमॅरॉल असेल तर आयएनआर 2 ते 3 ठेवून ते चालूच ठेवतात. इथे स्वयंपाकघर मध्ये येतं. पालक, मेथी, कोथिंबीर यांतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या विरुद्ध काम करतं. भाज्या सोडायच्या नाहीत, पण श्रावण लागला म्हणून अचानक दुप्पटही करायच्या नाहीत. अपिक्साबॅन, डॅबिगॅट्रानसारख्या नव्या गोळ्यांना भाजीची कटकट नाही. त्या चालूच ठेवतात, फार तर त्या सकाळचा डोस चुकवायला सांगतात.

मधुमेहींनी आणखी एक पाहावं. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येणारी गोळी उपाशीपोटी भूल घेताना रक्त आम्लयुक्त करू शकते, म्हणून ती साधारण 3-4 दिवस आधी थांबवतात. ती हृदयासाठी दिलेली असली तरीही. हे अनेकदा सांगायचंच राहून जातं, आपणहून विचारावं.

तीन आठवड्यांनी मामांची सोनोग्राफी स्वच्छ आली. मामींनी या वेळी डब्याच्या पाच दिवसांच्या कप्प्यांवर लाल स्केचपेनने 'ठोक्यांची नाही' असं लिहिलं होतं. घरी आल्यावर नव्या कागदावर तीच गोळी पुन्हा लिहिलेली बघून मामा वैतागले, "मग बंद कशाला केली होती?" जळालेल्या जागेला सूज असते, ती उतरेपर्यंत ठोके बिघडू शकतात, म्हणून तोवर गोळी. ही सवलतीची मुदत पूर्वी तीन महिन्यांची धरत, 2024 च्या तज्ज्ञांच्या एकमतात ती आठ आठवड्यांवर आणली. रक्त पातळ करायची गोळी तर किमान दोन महिने चुकवायचीच नाही. मामींनी लाल अक्षरं स्पिरिटने पुसली आणि एकवीस कप्पे पुन्हा भरायला घेतले.